चढ, हवा आणि डिझेल : मालट्रकची ताकद हरवते तेव्हा

सोलापूर आणि नगर या दोन दिशा वगळल्या तर पुण्यात येणाऱ्या-जाणाऱ्या मालट्रकला घाट सहसा चुकवता येत नाही. मुंबईकडून येताना बोरघाट, साताऱ्याकडे जाताना कात्रज आणि त्यापलीकडे खंबाटकी, सासवडच्या रस्त्यावर दिवे घाट, कोकणाच्या वाटेवर ताम्हिणी किंवा वरंधा, अशा चढणींनी हे शहर वेढलेले असल्यामुळे इंजिनाची जी अशक्तता सपाट मुलखात महिनोन्महिने लपून राहते ती येथे एका खेपेत उघडी पडते, आणि ‘गाडी ओढत नाही’, ‘पिकअप गेला’ किंवा ‘टर्बो बसला’ अशा तक्रारींच्या रूपाने निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीतील किंवा वाघोली-फुरसुंगीकडील गॅरेजांपर्यंत पोहोचते. यांपैकी पहिल्या दोन तक्रारी लक्षण सांगतात; तिसरी मात्र निदानच सांगते, आणि ते बहुधा कोणतेही मोजमाप होण्यापूर्वी केलेले असते. हप्ता थकू नये, भाडे हातचे जाऊ नये या विवंचनेत असलेला मालक ते निदान मान्य करतो, इंजिनावरील सर्वांत महागड्या भागांपैकी एक बदलला जातो, आणि पुढच्या खेपेला गाडी त्याच वळणावर पुन्हा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये येते. असे का घडते आणि ते कसे टाळता येते, याचे उत्तर डिझेल इंजिन आणि टर्बो यांच्यातील परस्परावलंबनात आहे.

चढ इंजिनाकडे किती मागणी करतो हे साध्या भौतिकशास्त्राने मोजता येते. न्हावा-शेवा बंदरातून चाकण किंवा रांजणगावकडे निघालेला, एकूण ४० टन वजनाचा कंटेनर ट्रक खोपोलीच्या पायथ्यापासून खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची चढतो, तेव्हा केवळ ते वजन वर उचलण्यासाठी सुमारे १९६ मेगाज्यूल, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत साडेचोपन्न युनिट, एवढी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचावी लागते. १०० मीटर अंतरात ५ मीटर उंची गाठणाऱ्या चढावर, टायरांचा विरोध जमेस धरून, चाकांवर १५० किलोवॅट शक्ती मिळत असेल तर असा ट्रक ताशी सुमारे २४ किलोमीटर वेगाने चढू शकतो. तीच शक्ती १०० किलोवॅटवर आली की वेग १६ किलोमीटरवर येतो. सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने जाण्यासाठी याच्या निम्मी शक्तीही पुरते, आणि म्हणून सोलापूर रस्त्याने पाटसपर्यंत गुण्यागोविंदाने आलेली गाडी खंबाटकीत अडते यात गूढ काही नाही.

ही शक्ती डिझेलमधून येते, पण डिझेल किती जाळता येईल हे हवा ठरवते. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, आणि सिलिंडरमधल्या अपुऱ्या मिश्रणामुळे काळा धूर होऊ नये म्हणून प्रत्यक्षात ती अठरा-वीस किलो किंवा त्याहून अधिक द्यावी लागते. टाटा-कमिन्सचे ५८८३ घन सेंटिमीटरचे सहा सिलिंडरी इंजिन उदाहरणादाखल घेतले, तर मिनिटाला २००० फेरे फिरताना ते दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढत असल्यामुळे मिनिटाला जास्तीत जास्त ५.९ घनमीटर, म्हणजे पुण्याच्या उन्हाळी हवेत साडेसहा किलोच्या आसपास हवा घेऊ शकते, आणि त्या हवेत धुराविना जाळता येणारे डिझेल सव्वातीनशे ग्रॅमच्या पुढे फारसे जात नाही. इंजिन मोठे न करता ही मर्यादा ओलांडायची असेल तर हवाच दाबून भरली पाहिजे, आणि हे काम टर्बोचार्जर करतो. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू एका लहान चाकावर, म्हणजे टर्बाइनवर, आदळून ते फिरवतात; त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेले कॉम्प्रेसरचे चाक बाहेरची हवा ओढून दाबते; दांड्याचा वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. बाहेरच्या हवेच्या दाबावर जो जादा दाब अशा रीतीने तयार होतो त्याला बूस्ट म्हणतात, आणि पूर्ण भाराखाली मालट्रकमध्ये तो साधारणतः १ ते २ बार, म्हणजे १०० ते २०० किलोपास्कल असतो. दाबलेली हवा तापते, दीड बार बूस्टला तिचे तापमान सहज १५० अंशांच्या वर जाते, आणि तापलेली हवा विरळ असल्याने दाबण्याचा अर्धा लाभ वाया जातो; म्हणून ती पुढच्या जाळीमागे बसवलेल्या इंटरकूलरमधून, म्हणजे हवेच्या रेडिएटरमधून, थंड करून मग इंजिनात सोडतात. अनेक टाटा गाड्यांवर दिसणारे ‘टीसीआयसी’ हे चिन्ह टर्बो आणि इंटरकूलर या जोडीचेच आहे.

या यंत्राची कल्पना स्वित्झर्लंडच्या अल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंट म्हणून नोंदवली आणि १९२० च्या दशकात ती जहाजांच्या इंजिनांवर प्रत्यक्षात उतरली. पुण्याचे डिझेलशी नाते त्यानंतरचे असले तरी गाढ आहे. १९४६ मध्ये खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९६२ मध्ये कोथरूडची किर्लोस्कर कमिन्स, त्याच दशकात पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्को, आणि १९६६ मध्ये वाहने व इंजिने तपासून प्रमाणित करणारी एआरएआय ही संस्था, अशा टप्प्यांनी हे शहर देशातील डिझेल तंत्रज्ञानाचे एक प्रमुख केंद्र बनले. प्रयोगशाळेत इंजिन डायनॅमोमीटरवर, म्हणजे फिरत्या इंजिनावर हवा तेवढा भार टाकून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून प्रत्येक वेगाला किती बूस्ट मिळाला पाहिजे याचे तक्ते ज्या शहरात तयार होतात, त्याच शहरातील सामान्य गॅरेजात बूस्ट मोजणारा साधा गेजही अनेकदा नसतो, ही विसंगती वेदनादायक आहे, कारण तो गेज काही हजारांच्या आतला आहे आणि त्याच्या अभावी होणारा खर्च कित्येक पट असतो.

मोजमापाची पहिली पायरी इंजिन सुरू करण्यापूर्वीच येते आणि पुण्याची उंची येथे महत्त्वाची ठरते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे तो ९५ च्या आसपास भरतो आणि महाबळेश्वरला ८६ पर्यंत उतरतो. नव्या गाड्यांतील मॅनिफोल्डवरचा, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीवरचा, दाबमापक सेन्सर एकूण दाब दाखवतो, त्यात बाहेरच्या हवेचा दाबही धरलेला असतो. त्यामुळे चावी फिरवून इंजिन बंद ठेवले असता स्कॅनरवर पुण्यात ९५ च्या जवळचा आकडा दिसला पाहिजे. पुस्तकातला १०१ डोक्यात ठेवणारा कारागीर या आकड्याला सेन्सरचा दोष समजण्याची शक्यता असते. उलट इंजिन बंद असताना तेथे ११५ दिसत असेल तर सेन्सर खरोखर खोटे बोलतो आहे, इंजिनाच्या संगणकाला नसलेली हवा दिसते आहे, आणि पुढचे सर्व निदान त्या खोट्या आकड्यावर उभे राहणार आहे. ही तपासणी विनाखर्च आहे आणि तिला अर्धा मिनिटही लागत नाही.

दुसरी पायरी भाराची आहे, आणि येथेच सर्वाधिक चुका होतात. गॅरेजात उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून टर्बोची शिट्टी ऐकणे हे बूस्टचे परीक्षण नव्हे, कारण भाराविना फिरणाऱ्या इंजिनाला फार थोडे डिझेल लागते, बाहेर पडणाऱ्या वायूंत टर्बाइन फिरवण्याइतकी ऊर्जाच नसते, आणि निरोगी टर्बोही तेथे नाममात्र दाब देतो. पीयूसी प्रमाणपत्रासाठी डिझेल वाहनाची जी धूरचाचणी होते तीही उभ्या गाडीवर, इंजिनाला मोकळेपणी झटका देऊनच होते. म्हणून प्रमाणपत्र मिळाले याचा अर्थ इंजिन चढावर पुरेशी हवा घेते असा होत नाही. खरे वाचन मिळते ते लादलेल्या गाडीत, पूर्ण ॲक्सिलरेटरवर, ठरावीक गिअरमध्ये, स्थिर चढावर. आणि त्यासाठी पुण्याच्या कारागिराला दूर जावे लागत नाही, कारण नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढणारा महामार्ग ही त्याच्या दारातली चाचणीवाट आहे. रहदारीला अडथळा न करता, शेजारी बसलेल्या माणसाने आकडे टिपत, चालकाने फक्त रस्त्याकडे पाहत ही चाचणी करावी लागते.

समजा अशा चाचणीत दीड बार अपेक्षित असताना गेजवर पाऊण बारच मिळाला. येथे ‘टर्बो गेला’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह बलवान असतो, पण टर्बो स्वतः ऊर्जा निर्माण करत नाही; तो इंजिनाने टाकलेल्या उष्णतेवर जगतो. डिझेल कमी जळाले तर बाहेरचे वायू थंड आणि कमी, ते कमी म्हणून टर्बाइन मंद, टर्बाइन मंद म्हणून हवा कमी, आणि हवा कमी म्हणून संगणक किंवा पंप डिझेल आणखी आवरतो, असे हे चक्र कोणत्याही टोकापासून खाली घसरू शकते. कमी बूस्ट हे म्हणूनच अनेकदा शक्ती गेल्याचे कारण नसून तिचा परिणाम असतो, आणि निदान करणाऱ्याचे खरे काम या चक्रात पहिली घसरण कोठे झाली ते शोधण्याचे असते.

जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांत याचे सर्वांत बोधक उदाहरण आढळते. बॉश कंपनी २००८ पर्यंत भारतात मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, या नावाने ओळखली जात असल्यामुळे हे पंप आजही गॅरेजांत मायको पंप म्हणूनच ओळखले जातात. टर्बो असलेल्या इंजिनाच्या अशा पंपावर रबरी पडद्याची एक डबी बसवलेली असते. मॅनिफोल्डमधून आलेली बारीक नळी तिच्यात बूस्टचा दाब आणते, पडदा दबला की पंप अधिक डिझेल सोडतो, आणि बूस्ट नसताना तो डिझेल रोखून काळा धूर टाळतो. हा पडदा फाटला किंवा ती बोटाएवढी नळी चिरली की पंपाच्या दृष्टीने बूस्ट कधी आलेलाच नसतो. तो डिझेल रोखूनच धरतो, गाडी चढावर मरगळते, गेजवर बूस्ट कमी दिसतो, आणि नवा टर्बो बसवूनही काहीही फरक पडत नाही. या दोषाची खूण अशी की शक्ती जाऊनही धूर वाढत नाही.

धुराचा रंग हा पिढ्यान्‌पिढ्या भारतीय मिस्त्रीचा मुख्य साक्षीदार राहिला आहे आणि तो योग्यच होता. काळा धूर आणि शक्ती कमी, तर डिझेल पुरेसे आहे पण हवा पोहोचत नाही. धूर नाही आणि शक्तीही नाही, तर डिझेलच पोहोचत नाही. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, आणि पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचे किंवा आत शिरलेल्या कूलंटचे. परंतु १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या ट्रकमध्ये धुराची काजळी सायलेन्सरमधील डीपीएफ ही गाळणी अडवते, त्यामुळे बूस्टची नळी फाटून इंजिन भरपूर काजळी करत असले तरी बाहेर काही दिसत नाही. ती काजळी गाळणीत साचते, गाळणी तुंबते, बाहेर जाणाऱ्या वायूंना विरोध होतो आणि टर्बाइन आणखी मंदावते. एका गळक्या नळीची परिणती अशा रीतीने महागड्या गाळणीच्या बिघाडात होते. डोळ्यांची जागा या गाड्यांत दाबमापकांनी घेतली पाहिजे.

हवेच्या बाजूचा शोध एअर क्लीनरपासून सुरू होतो. वाघोली आणि मोशीच्या खाणींतून खडी वाहणाऱ्या डंपरचा एअर क्लीनर महामार्गावरच्या ट्रकपेक्षा कित्येक पट लवकर भरतो, आणि गाळणीचा अडथळा सुमारे ६ किलोपास्कलवर गेला की निर्देशकातली लाल पट्टी वर येते. ती पट्टी नुसती पुन्हा खाली ढकलणे म्हणजे दुखणे झाकणे होय. त्याहून वाईट सवय म्हणजे कागदी गाळणी जोरदार हवेने झोडपणे, कारण त्यामुळे कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात आणि त्यांतून गेलेली खडीची भुकटी कॉम्प्रेसरच्या चाकाच्या कडा झिजवत पुढे सिलिंडरपर्यंत जाते. त्यानंतर कॉम्प्रेसरपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून मॅनिफोल्डपर्यंत जाणारे रबरी होज, त्यांच्या क्लिपा आणि इंटरकूलरचे सांधे येतात. ऑइलच्या वाफेने ओलावलेल्या जागी धूळ चिकटून झालेला काळा डाग ही गळतीची खूण असते, मात्र खात्री करायची तर टर्बोचे हवेचे तोंड घट्ट बंद करून, रेग्युलेटरने दाब नेहमीच्या बूस्टइतकाच मर्यादित ठेवून हवा भरावी लागते आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाकावे लागते. काही होज थंड असताना शाबूत दिसतात आणि तापून मऊ झाल्यावर फुगतात किंवा आतला थर सोडतात. सकाळी बरी चालणारी गाडी दुपारी घाटात दम सोडत असेल तर संशय येथे आधी घ्यावा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बाइन यांच्यामधल्या गॅस्केटमधून वायू निसटत असतील तर तेथे काजळीचा फराटा दिसतो, आणि टर्बाइनपूर्वी निसटलेली प्रत्येक फुंकर बूस्टमधून वजा होते.

डिझेलच्या बाजूला टाकीतील जाळी, पाणी वेगळे करणारी बाटली, फिल्टर आणि ओढणारा पंप हे साधे घटक आधी पाहावे लागतात. टाकी ते पंप या नळीत डिझेल ओढले जात असल्याने तेथील सैल सांध्यातून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते, आणि जमिनीवर एक थेंबही न सांडता गाडी हवा धरते. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच उच्चदाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या रचनेत, संगणकाने मागितलेला रेलचा दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब हे दोन आकडे चढावर शेजारी शेजारी पाहिले की बरेचसे निदान तेथेच होते. चढावर प्रत्यक्ष दाब मागे पडत असेल तर प्रत्येक इंजेक्टरची परतीची गळती मोजपात्रात धरून दोषी इंजेक्टर ओळखता येतो.

एक्झॉस्ट ब्रेकबाबत विशेष काळजीने लिहिणे भाग आहे. उतारावर सायलेन्सरच्या वाटेत एक झडप बंद करून इंजिनालाच ब्रेक बनवणारी ही रचना काजळीने अर्धवट बंद अवस्थेत अडकली की इंजिन गुदमरते आणि शक्ती जाते. त्यावर झडप मोकळी करून, तिचा सिलिंडर व हवेची नळी दुरुस्त करणे हा उपाय आहे. ती कायमची उघडी बांधून टाकणे हा अपराध आहे, कारण मग तीच गाडी कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना सारा भार चाकांच्या ब्रेकवर टाकते, आणि त्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांनी घेतलेले बळी पुणेकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. शक्ती कमी झाल्याच्या तक्रारीत चाकांचे ब्रेक धरून राहणे आणि क्लच घसरणे ही दोन कारणेही आधीच वगळावी लागतात. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तेव्हा बूस्ट तपासण्यात अर्थ नसतो.

एवढे सर्व निर्दोष ठरले की मग टर्बोची पाळी येते. दांडा हाताने आडवा हलवला असता थोडा खेळ जाणवणे स्वाभाविक आहे, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगण्यासाठीच बनवलेला असतो आणि थंड, कोरड्या अवस्थेत तो खेळ अधिक भासतो. मात्र दांड्याच्या लांबीच्या दिशेने मिलिमीटरच्या शतांशांपलीकडे खेळ असेल किंवा चाक कवचाला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो खरोखर गेला आहे. जादा बूस्ट टाळण्यासाठी वायूंना बगल देणारे दार, म्हणजे वेस्टगेट, उघडे अडकले असेल तर टर्बो शाबूत असूनही दाब येत नाही. त्याच्या डबीला ठरावीक दाबाची हवा देऊन दांडी किती दाबाला हलू लागते आणि हवा काढल्यावर पूर्ण परतते का, हे पाहता येते.

टर्बो बदलावाच लागला तर तो का मेला याचे उत्तर मिळाल्याशिवाय नवा बसवू नये. त्याला ऑइल नेणारी नळी जळलेल्या ऑइलच्या कवचाने अरुंद झाली असेल, परतीची नळी दबली असेल किंवा जुन्या चाकाचे तुकडे इंटरकूलरमध्ये पडून असतील, तर नवा टर्बोही फार काळ टिकत नाही. घाट चढून आलेली गाडी लोणावळ्याच्या ढाब्यावर थांबताच बंद करण्याची सवय हे या कवचाचे एक मोठे कारण आहे, कारण ऑइलचा प्रवाह थांबतो आणि सहाशे-सातशे अंशांच्या वायूंनी तापलेल्या टर्बाइनच्या बाहेरील कवचाची उष्णता बेअरिंगमधल्या उरल्यासुरल्या ऑइलला जाळते. दोन-तीन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवले की हे टळते.

दुरुस्ती झाल्यानंतर तोच चढ, तोच गिअर आणि शक्यतो तेवढेच वजन घेऊन दुसरे वाचन घ्यावे लागते, आणि पहिल्या वाचनाशेजारी ते लिहावे लागते. मालकाने गाडी नवी व निरोगी असतानाच इंजिन बंद असतानाचा दाब, ठरलेल्या चढावरचा पूर्ण बूस्ट, रेलचा दाब आणि एअर क्लीनरचा अडथळा हे चार आकडे तारीख, किलोमीटर आणि वजनासह वहीत नोंदवून ठेवले असतील, तर पुढे कधी तक्रार उद्भवली तेव्हा कारागिराला कंपनीच्या तक्त्यावर किंवा अंदाजावर विसंबावे लागत नाही. चारांपैकी कोणता आकडा प्रथम सरकला एवढेच त्याला पाहायचे असते, आणि शोध कोणत्या बाजूने सुरू करायचा हे त्यावरून ठरते.